दुसरी मंडई

दिघोरी
१७ नोव्हेंबर २०२५

श्री. सुखरामजी यांस भैय्यालालचा रामराम.

काल रविवारी तुमच्या सिहोऱ्याची मंडई, दिवाळीनंतरची तुमची गावजत्रा, टीव्हीवर पाहिली. तुम्हीच फोन करून कळवलं होतं की सरकारी चॅनलवर संध्याकाळच्या लोककलेच्या कार्यक्रमात ती दाखवणार आहेत, व्याही म्हणून अवश्य पाहा. मी नुसता पाहायला बसलो नाही. टीव्ही ओसरीवर आणून ठेवला, सतरंजी अंथरली, आळीतल्या माणसांना बोलावलं. सुनेचे वडील मंडई समितीचे अध्यक्ष, ते टीव्हीत दिसणार, ही काही रोजची गोष्ट नाही.

थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की ही मंडई मी पाहिलेली नाही. दिवाळी झाल्यावर मी, कमलेश आणि रीना तुमच्याकडे मंडईला आलो होतो. तेव्हा तुमच्या अंगात पांढरा सदरा होता, टीव्हीत निळं जाकीट. तेव्हा नाटक रात्री झालं होतं, टीव्हीत भर उन्हात. तेव्हा स्टेजसमोरच्या खुर्चीवर मी बसलो होतो. टीव्हीत त्या खुर्चीवर तुमचे तुमसरचे साडभाऊ बाबूलाल पाय पसरून बसलेले. म्हणजे एका दिवाळीत तुम्ही दोन मंडया केल्या आणि दुसरीचं बोलावणं आम्हाला धाडलं नाही.

तेही गिळलं असतं. पण त्या माइकवाल्या मुलीनं विचारलं, सोयरे आले का, आणि तुम्ही छाती काढून म्हणालात, "सारे सोयरे आले. येकई घर सुटलं नाही." हे ऐकायला माझ्या ओसरीवर सगळी आळी हजर होती. शेजारचा देवाजी माझ्याकडे वळून म्हणाला, "मंग तू कोनाचा सोयरा हायेस गा?" मी उठून टीव्ही बंद केला.

आमचं घर सोयऱ्यांत मोजलं जात नसेल तर त्या घरची सून तुमच्याकडे कशाला? रीनाला या महिन्याअखेर बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं ठरलं होतं. ते रद्द समजावं. ती इथेच राहील. फोन करू नका, मी उचलणार नाही.

भैय्यालाल


सिहोरा
२१ नोव्हेंबर २०२५

आदरणीय व्याहीजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून माझी भूक गेली. मंगलानं दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. तुम्ही खरंच फोन उचलत नाही. कमलेशला नागपूरला फोन केला तर जावईबापू म्हणतात, "बाबांचं डोकं तापलंय, मी मध्ये पडत नाही." रीना तुमच्यावर टाकते, "मामाजी म्हणतील तसं" एवढं बोलून फोन ठेवते. म्हणून कागद घेऊन बसलो. बऱ्याच वर्षांत पत्र लिहिलेलं नाही, अक्षर चालवून घ्या.

घडलं ते असं. टीव्हीवाले खऱ्या मंडईलाच येणार होते. वाटेत त्यांची गाडी बिघडली, मग दुसरं काही काम निघालं, आणि मंडई उठून आठवडा झाल्यावर ते गावात उतरले. रुचिका नावाची मुलगी त्यांची प्रमुख. तिनं रिकामं मैदान पाहिलं, तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "काका, पुन्हा एकदा होऊ शकेल का? फक्त आमच्यापुरती, आजच्या दिवस." माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? चॅनल आपल्या पायांनी गावात आलेलं. मी म्हणालो, "करून टाकू."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. दंडार नाचणारी पोरं बांधीत धान कापत होती, त्यांना तसंच उठवून आणलं. तोंडाला रंग लागला, पण केसांत धानाचा कोंडा तसाच. बांगडीवाल्याचा माल दुसऱ्या गावच्या मंडईत गेलेला, तो रिकाम्या पेट्या मांडून बसला. मिठाईवाल्या तेजरामला म्हटलं, नुसती कढई ठेव. तो म्हणाला, "खोटी जलेबी मले जमत नाही," आणि त्यानं खरी जलेबी तळायला घेतली, त्यामुळे गर्दी मात्र खरीच जमली. कॅमेऱ्याला उजेड हवा म्हणून नाटक दुपारी लावलं. नेमका भुताचा प्रवेश होता. भूत घामानं निथळत होतं आणि त्याच्या दाढीखालचा दोरा बाबूलालला खुर्चीतून दिसत होता. बाबूलालला मी बोलावलेलं नव्हतं. तो ट्रॅक्टरचा पट्टा मागायला आला होता. खुर्ची रिकामी दिसते म्हणून रुचिकानं त्याला बसवलं.

आणि ते वाक्य. मंडईत कोणी विचारलं की मी दरवर्षी तेच सांगतो, तेच तोंडून निघालं. ही मंडई खरी नाही हे मी स्वतःच विसरलो होतो. व्याहीजी, मी मूर्ख ठरलो, पण मनात काळं नव्हतं.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी आमच्या थोरल्या रिताचं मूल आठव्या महिन्यात गेलं, ती तेव्हा इथेच होती. तेव्हापासून मंगलाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. रीनाच्या वेळी तरी सगळं नीट पार पडावं म्हणून तिनं मागची खोली पोतून घेतली, बाज नव्यानं विणून घेतली, दूध घरचं असावं म्हणून गाय घ्यायला लावली. तुमच्या घरात बाईमाणूस नाही. चंद्रकलाबाई जाऊन चार वर्षं झाली. बाळंतिणीचं कोण करणार? माझ्यावरचा राग माझ्यावर काढा, हवा तितका काढा. पोरीला पाठवा.

आपला
सुखराम


दिघोरी
२७ नोव्हेंबर २०२५

श्री. सुखरामजी यांस,

मंडई खोटी होती म्हणता. जलेबी खरी होती ना? सोयऱ्याला बोलावणं, त्याला खुर्ची देणं, त्याच्या हातात जलेबीचा पुडा देणं, याला मंडई म्हणतात. बाबूलालच्या हातात पुडा मी या डोळ्यांनी पाहिला. मग खोटं काय राहिलं? नुसतं उन्हातलं भूत.

बाळंतपणाची काळजी करू नका. माझी बहीण भावना शेजारच्या गल्लीत राहते, तिनं चार बाळंतपणं केली आहेत.

तुमचं चॅनल आपली चूक कधीतरी कबूल करेल म्हणून मी आठवडाभर ते पाहतो आहे. दिवसभरात तिथे काय काय असतं हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही फक्त स्वतःला पाहिलंत. सकाळी अभंग. जे बुवा सोमवारी गातात तेच गुरुवारी, सदरा बदलून. मग बातम्या. मग योगासनं. ती बाई श्वास आत घ्यायला सांगते आणि सोडायला सांगायचं विसरते. त्यानंतर महिलांचा कार्यक्रम. गरोदर बाईनं काय खावं यावर एक डॉक्टरीण रोज थोडंथोडं सांगते. तिची बीटची कोशिंबीर करून पाहिली, कोणाच्या घशाखाली उतरली नाही. शेवग्याच्या पाल्याची भाजी मात्र खाल्ली जाते.

दुपारी ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्या असतात. एक मुलगी हातांनी सांगते. सगळ्या चॅनलात हीच मला सरळ वाटते. दुपारी इथे टीव्हीचा आवाज बंदच ठेवावा लागतो, तेव्हा तिचं तेवढं कळतं. पाऊस, मंत्री, रस्ता, अपघात, एवढे शब्द मला हातांनी यायला लागले आहेत. मग जुना सिनेमा. तोही मुकाच. बाई रडते आहे हे दिसतं, का रडते ते कळत नाही. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. एक साहेब धान लावायच्या रोवणीबद्दल इतकं छान बोलले, पण सगळ्यांचं धान कापून झाल्यावर. आमचं चुरणं, धानाची मळणी, चालू आहे, ते देवाजी पाहतो. मग गाणी, मग पुन्हा बातम्या, आणि शेवटी सकाळचेच बुवा.

या सगळ्यात एकदाही कोणी म्हणालं नाही की सिहोऱ्याची ती मंडई कॅमेऱ्यापुरती होती आणि सोयऱ्यांना तिचं बोलावणं नव्हतं. चॅनलनं तसं जाहीर करावं. मग रीनाला पाठवायचा विचार करू. तोवर नाही.

भैय्यालाल


सिहोरा
२ डिसेंबर २०२५

व्याहीजी,

तुमच्या अटीसाठी मी नागपूरला जाऊन आलो. रुचिकाला भेटलो. चहा पाजला बिचारीनं. सगळं ऐकून म्हणाली, "काका, आम्ही असं टीव्हीवर सांगितलं तर माझे साहेब मला घरी बसवतील." वर सांगते की कार्यक्रम लोकांना आवडला, येत्या रविवारनंतरच्या रविवारी, १४ तारखेला, त्यांनी दिवसभर लोककलाच ठेवल्या आहेत, त्यात आपली मंडई पुन्हा लागणार. मी हात जोडून म्हणालो, लावू नकोस बाई. तिला वाटलं मी संकोचानं म्हणतोय.

तेव्हा घोषणा होणार नाही. झाली असती तरी तुम्ही दुसरी अट काढली असती, हे आता मला कळून चुकलं आहे. मुलीचा बाप म्हणून आजवर वाकलो. लग्नात तुमच्या मामांनी मांडवातून उठून जायची धमकी दिली तेव्हाही वाकलो. पण आता मंगलाचं तोंड पाहवत नाही. रोज ती खोली झाडते आणि दार लावून घेते. धान कापून मोकळा झालो आहे, आता मला काही अडचण नाही.

१४ तारखेला बाबूलालची जीप घेऊन येतो. सकाळी निघालो की दुपारपर्यंत दिघोरीत. तुम्ही खुशाल टीव्ही पाहत बसा, मी माझ्या पोरीला घेऊन निघेन. तिला विचारीन, येतेस का. ती नाही म्हणाली तर तसाच परत फिरेन. पण ती नाही म्हणणार नाही, मी बाप आहे तिचा.

सुखराम


दिघोरी
६ डिसेंबर २०२५

सुखरामजी,

स्पीड पोस्टनं पाठवतो आहे, मिळताच वाचा. जीप घेऊन येऊ नका. बाबूलालची तर नाहीच. आलात तर दारातून परत जावं लागेल आणि चार लोकांत शोभा होईल, तुमचीही आणि माझीही.

रीनाला विचारायची गरज नाही. या घरची सून या घरातून कुठेही जाणार नाही. लाखनीपासून रस्ता खोदून ठेवला आहे, गाडी पावलापावलाला आदळते, हेही लक्षात घ्या. तुम्हाला माझा अपमान करायचा असेल तर मंडईत करा. इथे येऊ नका, एवढं ऐका.

भैय्यालाल


सिहोरा
९ डिसेंबर २०२५

भैय्यालालजींना मंगलाबाईचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुमच्यापुढे मी कधी मोठ्यानं बोललेही नाही. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

तुमची सगळी पत्रं ह्यांनी मला वाचून दाखवली. ह्यांना त्यात राग दिसतो. मी काल दुपारी ती स्वतः पुन्हा वाचली. ऐन चुरण्याच्या दिवसांत तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीसमोर आहात. धान देवाजीच्या हवाली केलंय. लग्नाच्या बोलणीत तुम्ही आम्हाला अभिमानानं सांगितलं होतं की धान पोत्यात पडेपर्यंत तुम्ही खळ्यावरून हलत नाही, जेवणही तिथेच मागवता. मी ह्यांना म्हटलं, "हा मानूस घरी काहून बसून राहिला?" हे म्हणाले, "मले चिडवाले." मला तसं वाटत नाही. माणूस रागानं एक दिवस घरी बसेल. एवढे दिवस बसणार नाही.

तुम्ही गरोदर बाईच्या जेवणाचा कार्यक्रम रोज पाहता. बीटची कोशिंबीर करून पाहता. दुपारी आवाज बंद ठेवता, म्हणजे त्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं. आणि ह्या शेवटच्या पत्रात रस्ता आदळतो म्हणून लिहिलंत. ज्याला आमच्या जीपचा राग आहे तो रस्त्याचं कशाला सांगेल?

रीना फोनवर मला हसून बोलते. व्हिडिओ लाव म्हटलं की कॅमेरा बिघडला म्हणते. एक महिना झाला, कॅमेरा बिघडलेलाच आहे.

माझी पोरगी आजारी आहे ना? काय झालं ते लिहा. रिताच्या वेळी मला शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं, सगळे माझी काळजी करत होते. त्या काळजीनं मला जास्त दुखलं. मी रडणार नाही, गोळी घेऊन बसेन. जीप येणार नाही, ते माझ्यावर सोडा. मी रीनाला न्यायला येत नाही. मी एसटीनं येते, भंडाऱ्याला गाडी बदलून, आणि तुम्ही राहू द्याल तितके दिवस राहते.

मंगलाबाई


दिघोरी
१२ डिसेंबर २०२५

मंगलाबाईंना भैय्यालालचा हात जोडून नमस्कार.

तुमचं पत्र आल्या आल्या रीनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आईले समजलं तं मंग सांगून टाका." म्हणून सगळं लिहितो.

मंडईहून आल्यावर दोन आठवड्यांनी रीनाच्या अंगावरून रक्त गेलं. भावनानं आरडाओरडा केला, गाडी बोलावली, आम्ही तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वार खाली आहे. पलंगावरून उठायचं नाही, प्रवास नाही, वजन उचलायचं नाही. पुन्हा रक्त गेलं तर लगेच आणा, नाहीतर दिवस भरत आले की ऑपरेशन करू. बाळ तेव्हाही ठीक होतं, आताही ठीक आहे. मागच्या आठवड्यात दाखवून आणलं, त्यांच्याच सांगण्यावरून, गाडीत आडवं निजवून आणि अगदी सावकाश.

दवाखान्यातून येताना रीनानं माझ्याकडून वचन घेतलं की आईला कळवायचं नाही. म्हणाली, "रिताताईच्या वक्ती आईनं जेवन सोडलं होतं." मी म्हटलं, मग माहेरी न पाठवायला कारण काय सांगायचं? तुझे वडील महिन्याअखेर दारात उभे राहतील. तीच म्हणाली, "तुम्ही रुसा, मामाजी. व्याही रुसला तं काहून रुसला म्हणून पोरीकडचे विचारत नाहीत, नुसते मनवत बसतात." चारच दिवसांत टीव्हीवर तुमची मंडई आली. ओसरीवर कोणी नव्हतं. देवाजीही नव्हता. टीव्ही रीनाच्या पलंगासमोर होता, मी दाराजवळ स्टुलावर आणि भावना खाली. सुखरामजी "येकई घर सुटलं नाही" म्हणाले तेव्हा रीना इतकी हसली की मला भीती वाटली. डोळे पुसत म्हणाली, "घ्या मामाजी, बाबांनी कारन देल्लं." ते पहिलं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. देवाजीचं वाक्य तिनं रचलं.

पुढची पत्रं माझी. ती लिहिताना मजा वाटली नाही. सुखरामजी नागपूरला जाऊन हात जोडून आले हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मी तसा रुसणारा माणूस नाही. माझ्या मामांनी मांडवात जे केलं त्याची मला अजून शरम वाटते. तरी तेच सोंग मी महिनाभर आणलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवसभर तिच्याजवळ कोणीतरी लागतं. भावनाला तिचं घर आहे, ती सकाळ-संध्याकाळ येते. मधला सगळा वेळ मी. सुरुवातीला आम्हा दोघांनाही अवघड गेलं. सुनेच्या खोलीत सासरा बसत नाही, आणि बसला तर बोलणार काय? म्हणून टीव्ही. बुवा सदरा बदलून आले की ती मला दाखवते. दुपारी ती झोपते, मी आवाज बंद करतो. असा आमचा दिवस जातो.

तुम्ही या. राहू द्याल तितके दिवस असं पुन्हा लिहू नका, घर तुमचंच आहे. सुखरामजींना तुम्ही सांगा. मला ते जमणार नाही.

भैय्यालाल


भंडारा
९ जानेवारी २०२६

सुखरामजी,

कमलेश आज सिहोऱ्याला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. फोन करून सांगता आलं असतं. दोनदा नंबर लावला आणि कापला.

परवा मुलगी झाली, तुम्ही येऊन पाहिलीतच. वजन कमी आहे, पण डॉक्टर म्हणतात घाबरायचं काही नाही. रीना आज उठून बसली. मंगलाबाई तिच्याजवळ आहेत, काल रात्री थोडं झोपल्या.

तुम्ही चहा न घेता निघून गेलात, त्याबद्दल लिहायचं आहे. ऑपरेशन झाल्यावर नर्स बाहेर आली आणि तिनं हाक मारली, "रीनाचे बाबा कोन हायेत?" तुम्ही आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. मी उठलो. दोन पावलं गेलो तेव्हा लक्षात आलं की तुम्हीही उठत होतात. नर्स तुमच्याकडे पाहतही नव्हती, ती माझ्याशीच बोलली, मुलगी झाली म्हणून, आणि कपड्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. ते आधी तुमच्या हातात पडायला हवं होतं.

हे कसं झालं ते सांगतो. नोव्हेंबरात रीनाला पहिल्यांदा आणलं तेव्हा कमलेश नागपुरात, भावना फॉर्मसाठी खिडकीवर. रीनाला आत घेतलं आणि नर्सनं मला दारातच अडवलं. "तुम्ही कोन? सासरे? सासरे बाहेर थांबा." रीना आतून हाका मारत होती. ती मामाजी, मामाजी म्हणत होती आणि मी दाराबाहेर उभा. तेव्हा मी म्हणालो, "बाप होय मी तिचा." मला आत सोडलं. तेव्हापासून दर तपासणीला मीच येतो, आणि सगळा दवाखाना मला रीनाचे बाबा म्हणूनच ओळखतो. कोणाला खरं सांगायची वेळ आली नाही. खरं सांगायचं तर मला सांगावंसंही वाटलं नाही.

आमच्या घरी पोरगी झाली नाही. चंद्रकलेची फार इच्छा होती. हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता, तो महिना-दोन महिने मी तुमच्या नकळत वापरला. महिनाभर मी खोटा रुसलो आणि तुम्ही मला मनवत राहिलात. आता तुम्ही खरे रुसला असाल तर मी येऊन मनवायला तयार आहे. दाराबाहेर उभं ठेवलंत तरी चालेल.

भैय्यालाल


सिहोरा
१० जानेवारी २०२६

व्याहीजी,

जावईबापू उद्या सकाळी परत निघतात, म्हणून लगेच लिहून देतो.

मी रुसलो नाही. नर्सनं हाक मारली तेव्हा मी उठत होतो हे खरं. तुम्ही माझ्या आधी उठलात हेही खरं. बाळ तुमच्या हातात गेलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पाहिलं तर तुम्ही नर्सला बाळाचं काही न विचारता, "माझी पोरगी कशी हाय?" एवढंच विचारत होतात. दोनदा विचारलंत. मी त्या बाकावर खाली बसलो. तोंड उघडलं असतं तर तिथे सगळ्यांसमोर रडलो असतो, म्हणून चहाला थांबलो नाही. जिन्यात जाऊन रडलो. तुमच्यासाठी की पोरीसाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

मंगलाच्या मेहनतीनं इथे मागची खोली तयार आहे, गाय दूध देते आहे. दवाखान्यातून सोडलं की रीनाला बाळासह सिहोऱ्याला आणायचं, हे मी मनात पक्कं धरलं होतं. डॉक्टरांनाही विचारून ठेवलं होतं, ते हो म्हणाले. नोव्हेंबरपासून तेवढंच डोक्यात होतं.

आता तुम्ही तिला दिघोरीलाच न्या. ती तिथे रुळली आहे, आणि तुमच्यापासून तिला उचलून आणावं असं मला वाटत नाही. मंगला सव्वा महिना तिथेच राहील. मी दर आठवड्याला दूध घेऊन येईन. बारशाला रीनाच्या बापाच्या जागी तुम्ही बसा, मी शेजारी बसतो. लोक विचारतील तर काय सांगायचं ते आपण दोघं ठरवू.

सुखराम